नाटक संपल्यावर मुलीला नेमके काय सांगायचे असते?

प्रश्न (तिसऱ्या रांगेतून) :

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गेल्या आठवड्यात तिने आयुष्यात पहिल्यांदा नाटकात काम केले. भूमिका राजवाड्यातल्या द्वारपालाची होती. तिच्या वाट्याला दोनच वाक्ये आली होती : सुरुवातीला 'महाराज, दूत आला आहे' आणि शेवटी 'महाराज, दूत गेला'. मधली सुमारे चाळीस मिनिटे तिने पुठ्ठ्याचा भाला धरून दरवाज्याशी उभे राहायचे होते. भूमिका कळली तेव्हा ती खूश होती आणि मी नव्हतो, हे आधीच कबूल करतो. दिग्दर्शकांना फोन करून 'हिचे पाठांतर फार चांगले आहे हो' असे सहज बोलल्यासारखे सुचवावे, हा विचार माझ्या मनात दोनदा येऊन गेला. मी तसे केले नाही, पण त्याचे श्रेय माझ्या समजूतदारपणाला नसून संकोचाला आहे.

तालमी दोन महिने चालल्या. घरी ती सगळ्याच पात्रांची वाक्ये म्हणत असे, त्यामुळे मलाही ते नाटक तोंडपाठ झाले. प्रयोगाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. तिसऱ्या प्रवेशात दूताने खलिता उलगडून वाचायचा होता. दूत झालेल्या मुलाच्या हातून तो निसटला आणि गडगडत रंगमंचाच्या पुढच्या कडेशी जाऊन थांबला. दूत थिजला. त्याने राजाकडे पाहिले, राजाने त्याच्याकडे पाहिले, आणि खलिता वाचला गेल्याशिवाय पुढचे एकही वाक्य कुणाला म्हणता येणार नाही हे मला पक्के ठाऊक होते.

तेवढ्यात माझी मुलगी दरवाजा सोडून चालू लागली. ती धावली नाही. भाला उजव्या हातात उभाच धरून, तालमीत शिकवलेली तीच ताठ आणि मोजकी पावले टाकत ती पुढे आली, पाठ न वाकवता एका गुडघ्यावर बसली, खलिता उचलला आणि तो दूताच्या हाती देण्याआधी राजासमोर क्षणभर धरला, जणू मोहोर तपासून घेणे हा त्या दरबाराचा रिवाजच असावा. मग तिने तो दूताला दिला आणि उलट पावली ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बहुतेक प्रेक्षकांना ते नाटकातलेच वाटले असणार, कारण कुणी हसले नाही आणि कुणी टाळीही वाजवली नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आले. बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला तेव्हा मला कळले, की मी मघापासून ओठ हलवत सगळे नाटक म्हणत होतो.

प्रयोग संपल्यावर चेहऱ्यावरचा रंग न पुसताच ती धावत आली आणि तिने विचारले, 'बाबा, कसं झालं?' मी म्हणालो, 'अप्रतिम! सगळ्यांत भारी तूच होतीस.' तिचा चेहरा पडला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण तो फुलायचा राहिला एवढे नक्की. 'काहीतरीच काय बाबा, मला दोनच वाक्यं होती,' असे म्हणून ती मैत्रिणींकडे निघून गेली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी जे पाहिले ते तिच्यापर्यंत पोहोचेल असे काय सांगायला हवे होते? आणि दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. हा अभिमान नक्की तिच्याविषयीचा आहे की माझा स्वतःविषयीचा? दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी हा प्रसंग चौघांना सांगितला आणि प्रत्येक वेळी सांगताना तो खलिता थोडा अधिक लांब गडगडला.

प्रतिसाद १ (विंगेतून) :

मी गेली बरीच वर्षे मुलांची नाट्यशिबिरे घेतो, म्हणून आधी त्या चाळीस मिनिटांविषयी लिहितो. पालकांना वाक्ये मोजायची सवय असते आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण बाहेरून तेवढेच मोजता येते. परंतु रंगमंचावर न बोलता उभे राहणे हे लहान मुलासाठी बोलण्यापेक्षा किती तरी कठीण असते. ज्याला संवाद आहे त्याला आधार आहे. त्याचे वाक्य संपले की पुढचे वाक्य त्याला ओढून नेते. जो गप्प उभा आहे त्याच्या हाताला काम नसते, नजर भिरभिरू लागते, पायाचा भार या पायावरून त्या पायावर जातो, आणि दहा मिनिटांत तो पात्र न राहता रंगमंचावर विसरून राहिलेला मुलगा होतो. हे टाळायचा एकच उपाय आम्हाला ठाऊक आहे आणि तो म्हणजे ऐकणे. समोरचा काय बोलतो आहे हे तालमीत पन्नासदा ऐकलेले असूनही आज पहिल्यांदाच ऐकत आहोत, अशा रीतीने ऐकणे. आपली मुलगी ऐकत होती, म्हणूनच खलिता पडला तेव्हा आता काय अडले आहे हे तिला इतरांच्या आधी कळले. तालमीत आम्ही मुलांना सांगतो की चूक झाली तर ती भूमिकेत राहून सावरा, पण ऐन वेळी मोठी माणसेही विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरकडे केविलवाणे पाहतात. तिने चाल बदलली नाही, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या शिबिरात असे घडले असते तर त्या दिवशीच्या माझ्या वहीत प्रमुख भूमिकांच्याही आधी त्याची नोंद झाली असती.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. विंगेतून बाहेर येणाऱ्या मुलाच्या मनात सगळे नाटक नसते, एखाद-दुसरी जागा असते : इथे मी अडखळलो, इथे मी वाचवले, इथे माझा मुकुट सरकला. 'कसं झालं?' या प्रश्नाचा खरा अर्थ पुष्कळदा 'ते तुला दिसलं का?' असा असतो. त्यावर 'अप्रतिम' हे उत्तर न पाहिलेल्या माणसालाही देता येते, आणि मुलांना ते बरोबर कळते. 'सगळ्यांत भारी तूच' हे तर आणखी अडचणीचे आहे. दोन महिने एकमेकांना क्यू, म्हणजे पुढचे वाक्य सुरू करण्याचा इशारा, देत उभ्या राहिलेल्या बारा मुलांमधून आपण एकीला उचलून वर ठेवतो. तिला मात्र स्वतःचे स्थान अचूक ठाऊक असते, आणि ज्या दूताला तिने सावरले त्याच्यापेक्षा आपण भारी ठरावे असे त्या क्षणी तिला वाटतही नसते.

याविषयी थोडे संशोधनही झालेले आहे. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. पहिल्या यशानंतर ज्यांच्या हुशारीची स्तुती झाली ती मुले, पुढे अवघड कोडी आल्यावर, मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा लवकर खचली आणि नंतरच्या फेरीत त्यांची कामगिरीही घसरली. २०१४ साली एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगवलेल्या स्तुतीचा अभ्यास केला. मुलाने काढलेले चित्र 'सुंदर' म्हणायचे की 'विलक्षण सुंदर', एवढाच काय तो फरक होता, पण ज्या मुलांना मुळातच स्वतःविषयी फारसे बरे वाटत नव्हते, ती ही फुगवलेली स्तुती ऐकल्यावर पुढचे काम सोपे निवडू लागली. म्हणून पालकांनी प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलावा असे मी म्हणणार नाही. मी त्यांना एवढेच सुचवतो की पाहिलेली एक जागा सांगा आणि तिच्याविषयी काही विचारा. उदाहरणार्थ, खलिता आधी राजाला का दाखवलास, हे तिला विचारून पाहा. मला स्वतःला याचे उत्तर जाणून घ्यायला आवडेल.

जाता जाता ओठांविषयी. प्रकाशझोतात उभ्या असलेल्या मुलांना मागच्या रांगा काळोखात बुडालेल्या दिसतात, पण पुढच्या तीन-चार रांगांतले चेहरे त्यांना चांगले दिसतात. संवादाच्या अर्धा क्षण आधी हलणारे बापाचे ओठ पाहून अडखळलेली मुले मी पाहिली आहेत. बायकोने वेळेवर हात ठेवला हे बरे झाले.

प्रतिसाद २ (जुनी पोथी) :

मी साहित्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाने मला थोडे मागे नेले. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस, म्हणजे कलाकृतीतून प्रेक्षकाला येणारे मुख्य भावानुभव, सांगितले आहेत आणि त्यांत वात्सल्य नाही. येऊन-जाऊन असणाऱ्या तेहतीस व्यभिचारी (म्हणजेच संचारी) भावांमध्ये मात्र गर्व आहे, हर्ष आहे आणि शंकाही आहे. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथ या काव्यशास्त्रकाराने साहित्यदर्पण या ग्रंथात वत्सल हा स्वतंत्र रस मानला आणि त्याची मांडणी करताना जे लिहिले, ते वाचून तो आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता की काय असे वाटावे. या रसाचा स्थायी, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा, भाव म्हणजे वत्सलतारूपी स्नेह, आणि आलंबन, म्हणजे तो ज्याच्याविषयी वाटतो ते, पुत्र इत्यादी. (त्या 'इत्यादी'त मुली आल्या असे मी गृहीत धरते.) तो उद्दीपित होतो अपत्याच्या हालचालींनी, त्याच्या विद्येने, शौर्याने आणि दयेने. तो प्रकट होतो आलिंगनातून, मस्तकाच्या चुंबनातून, नुसते पाहत राहण्यातून, रोमांचातून आणि आनंदाश्रूंतून. आणि त्याच्या सोबत येणारे संचारी भाव त्याने या क्रमाने सांगितले आहेत : अनिष्टाची शंका, हर्ष, गर्व.

या यादीत गर्व शेवटी येतो, हे मला लक्षणीय वाटते. विश्वनाथाच्या मनात तसा काही हेतू असेलच असे नाही, कदाचित छंदाची सोयही असेल. पण आपल्या अनुभवात क्रम तोच होता. खलिता गडगडू लागला तेव्हा आधी आली ती शंका, म्हणजे आता ही सगळी मुले उघड्यावर पडणार ही भीती. ती उठून चालू लागली तेव्हाही ती भीती गेली नव्हती, उलट वाढलीच असेल, कारण आता चुकण्याची पाळी तिची होती. खलिता दूताच्या हाती पडला तेव्हा हर्ष झाला, आणि ती उलट पावली जागेवर गेली तेव्हा गर्व. ज्याला ती भीती वाटली नाही त्याला तो गर्वही होणार नव्हता, आणि म्हणून आपल्या शेजारच्या प्रेक्षकाने तेच दृश्य शांतपणे पाहिले.

आपण विचारले आहे की हा अभिमान तिचा की माझा. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर संचारी भाव लाटेसारखा येतो आणि ओसरतो. टिकतो तो स्थायी. प्रेक्षागृहात आलेला गर्व तिथेच ओसरू दिला असता तर हा प्रश्न पडला नसता. कार्यालयात चौथ्या माणसाला सांगितली गेलेली गोष्ट मात्र वत्सल रसात बसवणे मला जरा कठीण जाते.

आणखी एक अडचण आहे आणि ती सुटण्यासारखी नाही. सहृदय, म्हणजे नाटकाशी समरस होणारा, प्रेक्षक समोरच्या मुलीला विसरून द्वारपालाला पाहतो. पालकाला ते साधत नाही. त्याला ती सारखी आपली मुलगीच दिसत राहते, तिच्या कमरेचा पट्टा सैल झालेला दिसतो, तिला झोप कमी मिळाली आहे हे आठवत राहते. मला अशी शंका आहे की ज्या क्षणी ती दरवाजा सोडून चालू लागली, त्या क्षणी आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा ती मुलगी न दिसता द्वारपाल दिसला असावा. डोळ्यांत पाणी येण्याचे कारण कदाचित तेही असेल.

प्रतिसाद ३ (एकेकाळची बालकलाकार) :

वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरी खलिता लांब लांब गडगडत जाण्याविषयी मला माझ्या अनुभवातून थोडे लिहायचे आहे. मी नऊ वर्षांची असताना एका प्रयोगात माझ्या समोरचा मुलगा वाक्य विसरला आणि मी ऐन वेळी काहीतरी सुचेल ते बोलून गेले. प्रेक्षागृहात मोठा हशा पिकला. माझ्या आईला झालेला आनंद खराच होता. पुढच्या पंधरा दिवसांत तिने तो प्रसंग येईल-जाईल त्याला सांगितला आणि 'म्हणून दाखव गं' असे म्हणत माझ्याकडून ते वाक्य इतक्या वेळा वदवून घेतले, की त्यातला आवाजाचा चढउतारसुद्धा ठरून गेला. दुसऱ्या प्रयोगात ती जागा आली. त्या मुलाला आपले वाक्य आठवत होते, पण मी त्याला ते बोलूच दिले नाही. मी माझे वाक्य टाकले आणि हशासाठी थांबले. कुणीही हसले नाही. ती शांतता मला आजही आठवते, आणि त्या मुलाचा चेहराही आठवतो.

आईने काही वाईट केले असे मला म्हणायचे नाही. मात्र पहिल्या दिवशी जे माझ्याकडून नकळत घडले होते, ते दुसऱ्या प्रयोगापर्यंत घरातली दाखवायची वस्तू झाले होते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की हा प्रसंग पुढे कुणाला सांगण्याआधी मुलीला विचारावे. कदाचित ती आनंदाने होकार देईल. कदाचित त्या दूताची फजिती चारचौघांत सांगितली जाऊ नये असे तिला वाटत असेल, कारण तुमच्या गोष्टीत तो केवळ खलिता पाडणारा मुलगा आहे, तिच्या दृष्टीने तो दोन महिन्यांचा सोबती आहे.

आपण चित्रीकरणाविषयी काही लिहिलेले नाही, यावरून आपण मोबाइल खिशात ठेवून नाटक पाहिले असावे असे दिसते. तसे असेल तर ते चांगलेच झाले. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे काढली, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. नाटक ही संग्रहालयातली वस्तू नव्हे हे मान्य आहे. तरीही छोट्या पडद्यावर चौकट सांभाळत बसलेल्या बापाला तिचा गुडघा टेकताना पाठ ताठ होती हे दिसले असते का, याविषयी मला शंका आहे.

प्रतिसाद ४ (शेवटची खुर्ची) :

सर्वांचे लिहिणे अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी थोडा वेगळा सूर लावतो. एका 'अप्रतिम'ने अकरा वर्षांच्या मुलीचे काही बिघडत नाही. माझे वडील माझ्या प्रत्येक प्रयोगाला येत, शेवटच्या रांगेत बसत आणि घरी जाताना पावसापाण्याविषयी बोलत. त्यांनी काय पाहिले आणि त्यांना काय वाटले हे मला कधीच कळले नाही. ते गेल्यानंतर त्यांच्या कपाटात माझ्या सगळ्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणे तारीखवार लावलेली सापडली. मला त्या कात्रणांपेक्षा एखादे फुगवलेले, अतिशयोक्त, शास्त्राला सोडून असलेले 'अप्रतिम' चालले असते. तेव्हा योग्य शब्द सापडेपर्यंत गप्प राहण्याची चूक तरी कुणी करू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (तिसऱ्या रांगेतून) :

सर्वांचे मनापासून आभार. विंगेतल्या गृहस्थांनी सुचवलेला प्रश्न मी काल रात्री तिला विचारला. ती पांघरुणात शिरली होती आणि दिवा मालवायचा बाकी होता. 'खलिता आधी राजाला का दाखवलास?' असे विचारताच ती उठून बसली आणि तिचे पहिले वाक्य होते, 'म्हणजे तुला दिसलं होतं?' प्रयोगानंतरच्या आठ दिवसांत मी तिच्यापाशी त्या प्रसंगाचा एकदाही उल्लेख केला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. चार परक्या माणसांना मी तो सांगितला होता आणि तिला सांगायचा राहिला होता.

मग तिने कारण सांगितले, आणि ते मी कल्पिले होते त्यातले नव्हते. मोहोर, रिवाज, दरबाराची शिस्त असे काहीही तिच्या मनात नव्हते. खलिता पडला तेव्हा राजा झालेली मुलगी घाबरली आणि 'वाच, दूता' हे आपले पुढचे वाक्य विसरली. दूत तर आधीच गोंधळला होता. तिला जागेवरून ते कळले, कारण राजा झालेली ती मैत्रीण काही विसरली की तिचा अंगठा मुठीत जातो. 'म्हणून मी तिच्या डोळ्यांसमोर खलिता धरला आणि हळूच 'वाच' म्हणाले. मग तिला आठवलं,' असे तिने सांगितले. माझी मुलगी त्या वेळी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती, त्यामुळे तिचे ओठ हललेले आमच्यापैकी कुणालाच दिसले नाहीत. नाटक तोंडपाठ असूनही मला अर्धाच प्रसंग दिसला होता, म्हणजे तिला दोनच वाक्ये होती हा हिशेबही चुकीचाच म्हणायचा.

कार्यालयात चौघांना सांगितल्याचे मी तिच्यापाशी कबूल केले. तिने थोडा विचार करून सांगितले की सांगितलेस तर सांगितलेस, पण दूताचे नाव सांगू नकोस, आणि राजाचे तर मुळीच नको, कारण तिचे विसरणे फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. नावे मी कुठेच घेतलेली नाहीत, पण हे इथे लिहिण्याआधी आज सकाळी तिला पुन्हा विचारून घेतले आहे.

दुसरा प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी मी मागच्या रांगेत बसावे असे तिने सुचवले आहे. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'तुझे ओठ दिसतात.'